अ‍ॅलर्जी न येणारं कुत्रं

मुलाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "आई, आम्ही रत्नागिरीला येतोय. राहायलाच. ऑफिसने घरून काम करायची कायमची परवानगी दिलीय," तो म्हणाला, आणि माझी भाकरी तव्यावर जायच्या ऐवजी परातीतच राहिली. अकरा वर्षं पुण्यात असलेला मुलगा घरी येऊन राहणार म्हणजे काय, हे ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना सांगायला नको. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. घरात रेडिओ आणि मी, आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हतो.

"आणि कुत्रा पण येणार," तो पुढे म्हणाला.

मला लहानपणापासून दमा. एकदा नाटे गावी मामाकडे कुत्र्याच्या पिल्लाशी अर्धा तास खेळले आणि पुढचे दोन दिवस उशीला टेकून बसून काढले. त्यामुळे माझ्या घरात कुत्रं कधी आलं नाही. मुलगा लहान असताना दर वाढदिवसाला कुत्रा मागायचा आणि दर वाढदिवसाला त्याला सायकल, कॅरम, बॅट असं काहीतरी मिळायचं. हे तो विसरलेला नाही. बोलून दाखवत नाही, पण विसरलेला नाही हे मला माहीत आहे.

"घाबरू नकोस गं. ह्याची अ‍ॅलर्जी येतच नाही. पूडल आणि लॅब्रॅडॉरचा संकर आहे. केस गळत नाहीत. तुझ्यासारख्या लोकांसाठीच तयार केलीय ही जात."

आता मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेली बाई. अ‍ॅलर्जी केसांची नसते, कुत्र्याच्या थुंकीतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. केस कुरळे असोत की सरळ, कुत्रं स्वतःला चाटायचं थांबत नाही आणि त्याची कातडी झडायची थांबत नाही. संकराच्या पिल्लांत कुणी आईवर जातं, कुणी बापावर, हेही वाटाण्याची फुलं फळ्यावर काढून पोरांना दरवर्षी शिकवलेलं. हे सगळं फोनवर सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी म्हटलं, "असं होय? मग आण की."

ती माझी पहिली थाप. का मारली ते उघड आहे. कुत्रं नाही म्हटलं असतं तर मुलगाही आला नसता.

जानेवारीत ते आले. गाडीतून आधी कुत्रं उतरलं, मग सून, मग मुलगा, मग कुत्र्याचं अंथरूण, कुत्र्याचं खाणं, कुत्र्याचे कंगवे, आणि सगळ्यात शेवटी ह्या दोघांची एक बॅग. कुत्र्याचं नाव कुठल्याशा परदेशी मिठाईवरून ठेवलेलं होतं, ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. रंग खरवडलेल्या गुळाचा, अंगभर कुरळी लोकर, डोळे त्या लोकरीत कुठेतरी आत. शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिने शांतपणे विचारलं, "मेंढरू कशाला हो आणलंत?"

आमच्या घरामागच्या आंब्याच्या पंधरा कलमांचं काम बघणारे जुने गडी आहेत, सत्तरीचे. माझ्या लग्नाआधीपासूनचे. त्यांना मुलाने अंगणात उभं करून ही जात कशी बनवली ते समजावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, कारण स्वतः कलमं बांधण्यात त्यांची हयात गेली.

"म्हंजे कलमच बांधलान की," ते म्हणाले. "मग ह्यो कोणावर गेला?"

"दोघांचं चांगलं तेवढं घेतलंय, काका."

"आनि तसा नाय निघाला, तर परत घेतात काय?"

मुलगा हसला. काका हसले नाहीत. ते खरंच विचारत होते.

पहिल्या आठवड्यातच माझी छाती वाजायला लागली. पण माझं नशीब बघा, जानेवारी होता. आंब्याला मोहोर, बागांतून फवारणी, हवेत औषधाचा वास. ह्या दिवसांत रत्नागिरीत कुणी खोकलं तर दुसरा माणूस कारण विचारत नाही, "यंदा जास्तच आहे" एवढंच म्हणतो. मुलगा म्हणाला, "आई, खोकतेयस." मी म्हटलं, "मोहोर आहे ना." तो म्हणाला, "बघ, मला वाटलं कुत्र्यामुळे की काय." मी म्हटलं, "छे, कायतरीच."

आणि कुत्रं तरी कसलं चिकट. घरातली बाकीची दोघं सोडून त्याने बरोबर मला धरलं. मी ओट्याशी उभी राहिले की माझ्या पावलांवर बसणार. देवपूजेला बसले की पाठीला पाठ लावून बसणार. शिव्या घातल्या तरी शेपूट हलवणार. रागवावं कुणावर? त्याला काय माहीत आपण कसल्या कसल्या गुणांचे म्हणून विकले गेलोय. मी एका हाताने त्याचं डोकं खाजवायचे आणि दुसऱ्या हाताने पदराआड पंप ओढायचे. दम्याचा पंप मी देव्हाऱ्याच्या खणात कापसाच्या वातींखाली ठेवला होता. तिथे मुलगा कधी बघणार नाही ह्याची खात्री होती.

फेब्रुवारी गेला, मोहोर गेला, खोकला राहिला. मुलाने हवा शुद्ध करायचं मशीन मागवलं. हवा चांगली असली की त्यात हिरवा दिवा लागतो, वाईट असली की लाल. मशीन दिवसभर हिरवं असायचं आणि कुत्रं समोरून गेलं की लाल व्हायचं. मुलाने दोन दिवस बघितलं आणि म्हणाला, "ह्याचा सेन्सर बिघडलाय." कंपनीला लिहून त्याने दुसरं मशीन मागवलं. तेही तसंच बिघडलेलं निघालं.

मग तो कारणं शोधायला लागला. स्वभावाने चिकित्सक आहे, माझ्यावरच गेलाय. माझी कापसाची गादी गेली, फोमची आली. पडदे गेले. देवापुढची उदबत्ती बंद झाली. माळ्यावरची सोड्यांची बरणी आणि सुकटीचा डबा शेजारणीकडे गेला, कारण सुक्या मासळीत बारीक बुरशी असते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. शेजारणीने बरणी घेताना चेहरा पाडला, पण संध्याकाळी तिच्या घरातून सोड्यांच्या खिचडीचा वास आला. सून कधी काही बोलायची नाही. कुत्र्याचे केस मात्र ती रोज विंचरायची, हात धुवायची, परत धुवायची.

त्या केसांचीही गंमत. न गळणारे केस वाढत बसतात, हे विकणाऱ्याने सांगितलं नसावं. दर सहा आठवड्यांनी ते कापायला लागतात आणि असे कापणारा रत्नागिरीत मिळेना. म्हणून मुलगा त्याला घेऊन आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचा. सकाळी निघायचा, रात्रीच्या जेवणाला यायचा. मला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं राहून जात होतं, त्याला सुट्टी मिळत नव्हती. निदान कोल्हापूरहून परत माझ्याच घरी येत होता.

एप्रिलमध्ये आंबा उतरला आणि माझ्या हातून ती गोष्ट झाली. दरवर्षी मागच्या खोलीत आम्ही आढी लावतो. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर आंबे, परत पेंढा, परत आंबे. आठ-दहा दिवसांनी घरभर वास सुटतो. नवी नवरी होऊन आले त्या वर्षापासून आढी माझ्या हातची. आंबे परतवणं, पिकलेले वेचणं, डागी बाजूला काढणं, सगळं मीच करायचे, पेंढ्यात बसकण मारून. त्या दिवशी मी आढीजवळ बसलेली, कुत्रं माझ्या मांडीवर डोकं टाकून. छाती अशी भरली की मला उठताच येईना. मुलगा धावत आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तशा नजरेने बघितलं.

मी म्हटलं, "पेंढ्याची धूळ."

मला अजून लाज वाटते. त्या पेंढ्याने मला जन्मात कधी शिंक आणली नव्हती. पण त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "तरीच," तो म्हणाला. "भाताच्या पेंढ्याचं मी वाचलंच होतं." अर्ध्या तासात आढी घराबाहेर. पेटी-दोन पेटी नव्हे, अख्खी खोली. बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या आमच्या खोपटात, काकांनी टोपल्या भरभरून आंबे नेले. रत्नागिरीतल्या घरातून हापूस हद्दपार झाला आणि त्या खोलीत कुत्र्याचं अंथरूण पडलं, कारण खोली थंड होती.

शेवटची टोपली उचलताना काका माझ्याजवळ थांबले. "वैनी, चाळीस वर्सां पेंड्यात बसताव. कंदी शिंकलाव नाय."

"वय झालं आता."

"पेंड्याचा काय वय झाला?" ते म्हणाले आणि टोपली घेऊन गेले. त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. आंब्यावर खोटा आळ घेणारी बाई त्यांना पटण्यातली नव्हती.

आढी जाऊनही खोकला जाईना. घरात आता आळ घ्यायला मी सोडून काही उरलं नव्हतं. मग मुलाच्या डोक्यात आलं की मला हवाबदल हवा. त्याने मला राजापूरला माझ्या बहिणीकडे पाठवलं. एसटीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, कुत्र्याने खालून शेपूट हलवली. बहिणीकडे मी चार दिवस पडल्या पडल्या झोपले. पंप लागला नाही. गोळी लागली नाही. परत आले तर मुलगा विजयी. "बघितलंस? तुला ह्या घराची हवाच मानवत नाही. जांभ्या दगडाच्या भिंती ओल धरतात." ज्या घरात मी लग्न होऊन आले, त्याला जन्म दिला, नवऱ्याला शेवटचं पाणी पाजलं, त्या घराची हवा मला मानवत नव्हती. सासूबाई असत्या तर त्यांनी त्याच्या पाठीत लाटणं घातलं असतं. मी चहा टाकला.

आता गोळीचं. अ‍ॅलर्जीची गोळी मी आमच्या आळीतल्या दुकानातून घेत नसे, लगेच बोभाटा होतो. स्टँडजवळच्या मेडिकलमधून घ्यायचे. पण रत्नागिरीत तुम्ही अठ्ठावीस वर्षं शिकवलं असेल तर कुठलंही दुकान लांब नसतं. तो मेडिकलवाला माझा विद्यार्थी निघाला, दहावी ब. मेच्या सुरुवातीला मी गोळ्या मागितल्या तर म्हणाला, "बाई, सूनबाईंनी सकाळीच नेल्या की. दर महिन्याला नेतात तुमच्यासाठी. अशी सून मिळायला भाग्य लागतं."

मी म्हटलं, "हो ना, फार काळजी घेते," आणि स्ट्रिप घेऊन घरी आले.

सून स्वयंपाकघरात ओले काजू सोलत बसलेली. मी तिच्यासमोर पाट घेतला आणि माझी स्ट्रिप काजूंच्या ताटाशेजारी ठेवली. तिने ती बघितली. कानापर्यंत लाल झाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो घरी आल्यापासून. तीन वर्षं." तिने दाराकडे बघितलं. मुलगा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होता. "आई, मला लहानपणापासून कुत्र्याने शिंका येतात. ह्यांना कुत्रा हवाच होता. मीच शोधून काढली ही जात. माझ्या आईबाबांशी भांडले. फोनवर व्हिडिओ टाकते ना मी त्याचे, त्यातल्या पहिल्यात म्हटलंय, अ‍ॅलर्जी असलेल्यांनी बिनधास्त आणावा. अजून लोक तो बघतात, अजून मला विचारतात."

"मग काय सांगतेस?"

"काहीच त्रास नाही म्हणून सांगते." असं म्हणून ती शिंकली. एकदा नाही, पाच वेळा. मला हसू आलं, हसण्याने खोकला आला, आणि आम्ही दोघी काजूच्या चिकाने काळे झालेले हात हवेत धरून, एक शिंकतेय, एक खोकतेय, अशा बसून राहिलो. कुत्रं दोघींच्या मधे येऊन बसलं, एवढा आनंद कसला झाला ते बघायला. त्या घरात अ‍ॅलर्जी न येणारं एकच माणूस होतं आणि अ‍ॅलर्जीवर व्याख्यान द्यायचं काम नेमकं त्यानेच घेतलं होतं.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली.

"तूही माझं सांगू नकोस."

"तुम्ही का नाही सांगत, आई? मी निदान माझा शब्द खाली पडू नये म्हणून गप्प आहे. तुम्ही कशासाठी?"

मी काजूगर सोलत राहिले. तिला कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्यासाठीही स्ट्रिप आणायला लागली.

मेच्या मध्यावर एका दुपारी लाईट गेली. उकाडा असा की भिंतींना हात लावला तर ओला होत होता. मशीन बंद, पंखा बंद, दारंखिडक्या मुलाने धूळ नको म्हणून लावलेल्या. मी आतल्या खोलीत लादीवर आडवी झाले आणि कुत्रंही गारव्याला माझ्या गळ्याशी येऊन झोपलं. जाग आली तेव्हा श्वास आत जात नव्हता. हाक मारायला सुद्धा हवा लागते, ती नव्हती. मी हाताने पितळेचा तांब्या पाडला. कुत्रं भुंकायला लागलं, त्याच्या भुंकण्याने सून आली. हे नोंदवायला हवं, त्याने हाक मारली माझ्यासाठी. सुनेने सरळ देव्हाऱ्याचा खण उघडून पंप काढला. तो तिथे असतो हे तिला कधीपासून माहीत होतं, देव जाणे. पंपाने भागलं नाही. मुलाने गाडी काढली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. माझ्या तोंडावर वाफेचा मास्क लावून तिने विचारलं, "घरात जनावर आहे?"

मुलगाच बोलला. "आहे, पण अ‍ॅलर्जी न येणारं आहे."

डॉक्टरने मान वर केली. "असं जनावर मला अजून भेटायचंय," ती म्हणाली आणि लिहीत राहिली. मग तिने कमीजास्त होतं, काही कुत्र्यांचा त्रास काहींना थोडा कमी होतो, पण आधी कुणालाच सांगता येत नाही आणि जातीवर तर मुळीच नाही, असं दोन वाक्यांत सांगितलं. मी अठ्ठावीस वर्षं जे शिकवलं तेच. मुलगा खाली बघत उभा होता. पलंगाच्या पायथ्याशी सून उभी होती. तिने पर्स उघडली, आपल्या गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "माझ्या आहेत," ती म्हणाली. तिचं मला कौतुक वाटलं. जे मला जमलं नव्हतं ते तिने केलं.

डॉक्टर गेल्यावर तो माझ्याजवळ स्टुलावर बसला. "आई, पाच महिने? पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

मी मास्क जरा बाजूला केला. "तू गेला असतास."

आता ह्याच्यावर मुलाने एक शब्द बोलायचा असतो. "नाही," एवढाच. खोटा बोलला असता तरी चाललं असतं. मी त्याच्यासाठी पाच महिने खोटं बोलले, त्याने माझ्यासाठी एकदा बोलायला काय हरकत होती? मी वाट बघितली. खरंच बघितली.

त्याचे डोळे भरले. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि अगदी कळवळून म्हणाला, "पण आई, त्याला आमच्याशिवाय दुसरं आहे कोण?"

सुनेने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. तो कुत्र्याबद्दल बोलत होता. आपण काय बोललो ते त्याला कळलं नाही, आणि कळलं नाही हेच मला जास्त लागलं. मी मास्क परत नाकावर ओढला. मास्क लावलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मीच म्हटलं, पाऊस लागायच्या आधी निघा, घाटात दरडी कोसळतात. मिरगाच्या चार दिवस आधी ते तिघं पुण्याला गेले.